आधी तपासा, मग खोला : छोट्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे प्रश्न

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न छोट्या डिझेल ट्रॅक्टरचे आहेत, म्हंजे दोन किंवा तीन सिलेंडरवाले, साधारण 15 ते 35 एचपीच्या आतले. सगळ्यांच्या पत्रात एक गोष्ट सारखी दिसली, पार्ट बदलून झालेत आणि त्रास जिथल्या तिथं आहे. म्हणून उत्तरं जरा लांबलीत, नुसतं "हे बदला" सांगून उपयोग नाही, ते तुम्ही आधीच करून बसलाय. आणि एक, मी जे आकडे देतोय ते साधारण अंदाजाचे आहेत, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधे वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरायचा.

प्रश्न : दादा नमस्कार. आमचा तीन सिलेंडरचा ट्रॅक्टर सकाळी एका सेल्फला चालू होतो, मोकळा कितीही वेळ चालतो, पण रोटाव्हेटर लावून अर्धा-पाऊण तास झाला की दम सोडतो, रेस वाढवली तरी उचलत नाही आणि बंद पडतो. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. डिझेल फिल्टर बदलला, एअर काढली. मिस्त्री म्हणतो डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हंजे तपासून सेट करायला द्या. देऊ का?

उत्तर : नका देऊ, निदान आत्ता तरी. "दहा मिनिटं थांबलं की परत चालू" हे तुम्ही सहज लिहून गेलात पण अर्धं निदान त्यातच आहे. झिजलेला पंप दहा मिनिटांत बरा होत नाही, उलट तो इंजिन गरम असतानाच चालू व्हायला जास्त त्रास देतो कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून निसटतं. तुमच्याकडे डिझेल पंपापर्यंत पोचतच नाहीये, आणि लोडवर डिझेल जास्त लागतं म्हणून ते लोडवरच कळतं.

सगळ्यात आधी टाकीचं झाकण. त्याला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते धुळीनं बुजलं की डिझेल संपत जातं तशी टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल खाली यायचं कमी होतं. पुढच्या वेळी बंद पडला की लगेच झाकण उघडा, सुस्स असा आवाज आला तर काम तिथंच झालं. आवाज नाही आला तरी एकदा झाकण सैल ठेवून चालवून बघा, फुकटात होणारी टेस्ट आहे.

तिथं काही नाही निघालं तर टाकीच्या आतली जाळी. टाकीच्या तळात गेलेली पानं, बुचाचा तुकडा, प्लॅस्टिकचा कपटा, असलं काहीतरी तरंगत असतं, इंजिन ओढायला लागलं की ते येऊन तोंडावर बसतं आणि बंद पडलं की सुटून बाजूला होतं, म्हणून तुम्हाला वाटतं गाडी "विश्रांती घेऊन" बरी झाली. हे पकडायची रीत सोपी आहे. फिल्टरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा आणि डिझेल वाहू द्या, टाकी वर असेल तर आपोआप येईल, इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करा. पण अर्धा मिनिट बघून "येतंय की" म्हणू नका, चार-पाच मिनिटं वाहू द्या. सुरवातीला जाड धार आणि मग बारीक बारीक होत गेली तर कचरा टाकीत आहे. पाइपमधे उलटी हवा मारली की दोन दिवस गाडी पळते, बरेच जण तेवढंच करतात, पण कचरा टाकीतच राहतो ना. टाकी उतरवून धुवा.

आता एअरचं. तुम्ही एअर काढलीत पण एअर येते कुठून ते बघितलं का? टाकीपासून लिफ्ट पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) भाग ओढीवर चालतो, तिथं पाइपला चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. त्यामुळे बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. फाटक्या स्ट्रॉनं सरबत ओढल्यासारखा प्रकार. डिझेल पंपाच्या आधी थोडा वेळ पारदर्शक पाइपचा तुकडा जोडा आणि गाडी चालू करून बघा, बुडबुडे जाताना स्पष्ट दिसतात. बहुतेक वेळा क्लिपखाली कडक होऊन तडकलेला रबर पाइप, गाळाच्या काचेच्या वाटीचं दबलेलं वॉशर, नाहीतर पाइपच्या जोडावरच्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे जुने वॉशर, यातलं एक निघतं.

दुरुस्ती झाल्यावर एअर काढायची ती टाकीकडून नोजलकडे (सिलेंडरमधे डिझेल फवारणारा भाग), या क्रमानंच. आधी फिल्टरवरचा ब्लीड बोल्ट सैल करून हँड प्रायमर, म्हंजे हातानं दाबायचा छोटा पंप मारा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की आवळा, मग पंपावरचा बोल्ट तसाच, आणि तरी नाही चालू झाला तरच नोजलच्या पाइपचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मधे दोन मिनिटं थंड होऊ द्या, नाहीतर डिझेलच्या भानगडीत सेल्फ जळायचा. बऱ्याच नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंप स्वतःच एअर काढतो, तिथं चावी ऑन करून थोडं थांबलं की पुरतं.

प्रश्न : थंडीत सकाळी ट्रॅक्टर चालू होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो पण इंजिन पकडत नाही. एकदा पकडलं की दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही त्रास नाही. मित्र म्हणतो स्प्रे मार एअर फिल्टरमधे.

उत्तर : स्प्रे आधी ठेवून द्या. ग्लो प्लग म्हंजे आपण ज्याला हीटर प्लग म्हणतो ते असलेल्या इंजिनमधे ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही. तापलेल्या प्लगवर ईथर वेळेआधी पेटतं आणि पिस्टनच्या रिंगा फुटलेल्या, हवा आत नेणारा इनटेक पाइप फाटलेले प्रकार होतात.

पांढरा धूर म्हंजे न जळलेलं डिझेल, थोडक्यात तुमचं डिझेल नीट पोचतंय, पेटायला गरमी कमी पडतेय. त्यामुळे फिल्टर, एअर वगैरे सोडून द्या आणि सरळ प्लग तपासा. प्लगना जोडणारी वरची पट्टी काढा, हे महत्त्वाचं, पट्टी जोडलेली असताना तिन्ही प्लग एकत्र दिसतात आणि दोन मेलेले असले तरी मीटर ओके दाखवतो. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यात बघा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला आणि टोक प्लगला लावा, लॅम्प लागला तर प्लगची तार शाबूत आहे.

प्लग चांगले निघाले तर त्यांच्यापर्यंत करंट येतोय का बघा. एकेक प्लग दहा अँपियरच्या आसपास खातो, म्हंजे तिघांचे तीस, रिले किंवा फ्यूज लिंक कार्बनली की डॅशबोर्डवरचा लाल-पिवळा दिवा लागतो आणि प्लग मात्र थंडच. दिव्यावर विश्वास ठेवू नका, पट्टीवर व्होल्ट मोजा. प्लग काढताना इंजिन कोमट असलेलं बरं, आणि जोर लावून तोडू नका, तुटला तर हेड काढायची वेळ येते. प्लगही चांगले, करंटही चांगला आणि तरी पांढरा धूर, मग कॉम्प्रेशन, म्हंजे सिलेंडरमधे हवा किती दाबली जाते ते. त्याचं खाली एका उत्तरात लिहिलंय.

प्रश्न : चावी फिरवली की नुसतं कट्ट. कधी कधी तेही नाही. बॅटरी नवी आहे, सेल्फ रिपेअर करून आणला.

उत्तर : "कट्ट" आणि "तेही नाही" हे दोन वेगळे आजार आहेत, एकात गोवू नका.

कट्ट होतंय तेव्हा सेल्फवरच्या सोलेनॉइड स्विचपर्यंत सिग्नल पोचला, पण मोटर फिरवायला ताकद नाही. मीटर बॅटरीवर लावा, काही न करता 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजे, 12.2 म्हंजे बॅटरी अर्धीच भरलेली, नवी असली तरी. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि बघा, 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा सेल्फ. पण व्होल्ट 12 च्या पुढेच राहिले आणि तरी कट्ट, तर करंट मधेच कुठंतरी अडलाय. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खुंटीवर, क्लिपवर नाही, खुंटीवर, आणि दुसरी इंजिनच्या खरवडलेल्या उघड्या लोखंडावर लावून सेल्फ मारा. अर्धा व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब. हे असं भरपूर वेळा निघतं, अर्थची पट्टी चेसीवर रंगावर आवळलेली असते, गंज धरते, आणि माणूस बॅटऱ्या बदलत बसतो. प्लस बाजूलाही तसंच, खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत.

काहीच आवाज नाही तेव्हा सेफ्टी स्विच बघायचे. क्लच, न्यूट्रल, पीटीओ (अवजार फिरवणारा शाफ्ट), काही गाड्यांत सीट, यातला एक जरी उघडा राहिला तरी सेल्फला सिग्नल जात नाही. क्लच पेडलखालचा स्विच मातीनं जाम होणं तर रोजचं. पण भाऊ, कंटाळून स्क्रूड्रायव्हरनं सेल्फच्या दोन बोल्टवर शॉर्ट मारायचा प्रकार करू नका. खाली उभं राहून शॉर्ट मारला, गाडी गिअरमधे होती आणि मागचं चाक अंगावरून गेलं, असे जीव गेलेले आहेत. स्विच त्यासाठीच बसवलेत.

प्रश्न : टेम्परेचरचा काटा लाल रेघेला जातो. थर्मोस्टॅट काढूनच टाकला, वॉटर पंप नवा, कुलंट नवं. आता हेड खोलायला सांगतायत. धूळ आणि भुसा असलेल्या कामात गाडी जास्त असते.

उत्तर : भुसा म्हणालात तिथंच मी थांबलो. आधी सांगा, मोकळ्यावर उभा असतानाही तापतो की फक्त लोडवर? मोकळ्यावरसुद्धा तापत असेल तर पंखा आणि बेल्टकडे बघायचं, फक्त लोडवर असेल तर रेडिएटरमधून हवा किंवा पाणी कमी जातंय. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं वाटतंय.

रेडिएटर समोरून स्वच्छ दिसतो हे काही प्रमाण नाही. छोट्या ट्रॅक्टरात त्याच्या पुढे ऑइल कूलर असतो, केबिनवाल्याला एसीचा कंडेन्सर पण, आणि या दोघांच्या मधल्या सांदीत भुश्याची गादी जमते जी समोरून दिसतच नाही. कूलरचे बोल्ट सोडून तो बाजूला करा आणि मागून बॅटरी लावा, टॉर्च म्हणतोय मी, दुसऱ्या बाजूनं जाळीतून उजेड दिसला पाहिजे. साफ करायचं ते पंख्याच्या बाजूनं पुढच्या दिशेला, म्हंजे कचरा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत. पुढून हवा मारली की तो अजून आत ठासतो. कमी प्रेशरची हवा किंवा साधा पाण्याचा पाइप, गाड्या धुवायचा जोरदार पंप लावला तर ॲल्युमिनियमच्या पत्र्या झोपतात आणि मग रेडिएटर कायमचाच बंद.

बेल्ट अंगठ्यानं दाबला की साधारण 10-12 मिलिमीटर दबला पाहिजे, त्याच्या कडा आरशासारख्या चकाकत असतील तर ताण बरोबर असूनही तो घसरतो, बदला. खालचा होस पाइप रेस दिल्यावर आत चेपतो का तेही बघा, आतली स्प्रिंग गंजून गेली की असं होतं आणि गाडी बंद केली की पाइप परत गोल, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढला की गाडी थंड राहील हा समज फार पसरलाय. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो नसला की अर्धं पाणी रेडिएटरला न जाताच गोल फिरत राहतं. आणि हलक्या कामात इंजिन गरमच होत नाही, डिझेल नीट जळत नाही, ऑइल खराब होतं. जुना तपासायचा असेल तर पातेल्यात पाण्यात लोंबता धरून तापवा, त्याच्यावर 71 किंवा 82 असा आकडा कोरलेला असतो त्या डिग्रीला उघडायला लागला पाहिजे. झाकणही विसरू नका, रेडिएटरचं झाकण साधारण 0.9 बारचं प्रेशर धरतं आणि त्यामुळे पाण्याचा उकळण्याचा बिंदू वीसेक डिग्रीनं वर जातो, रबर गेलेलं झाकण असेल तर गाडी न तापताच पाणी बाहेर फेकते. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे लिहायची गरज नसावी, पण भाजलेले हात बघितलेत म्हणून लिहितो.

आणि काटा खरं बोलतोय का? इन्फ्रारेडची गन मिळाली तर थर्मोस्टॅटच्या घरावर धरा. गन 85 दाखवते आणि काटा लाल, तर सेन्सर बदलून मोकळे व्हा.

हेड गॅस्केटची शंका असेलच तर खोलायच्या आधी सकाळी थंड गाडीचं झाकण काढून चालू करा. सुरवातीला चार बुडबुडे चालतील, पण सलग बुडबुडे येत राहिले आणि रेस दिल्यावर वाढले तर गॅस पाण्यात शिरतोय. थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होस दगडासारखा कडक होणं ही पण तीच खूण. या खुणा नसतील तर हेडला हात लावू नका. असतील आणि हेड उतरलंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेजनं त्याचा सपाटपणा तपासल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका, आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनंच. "हाताला अंदाज आहे" असं म्हणणाऱ्याकडून हेड आवळून घेऊ नका.

प्रश्न : ऑइल न टाकता ऑइलची लेव्हल वाढतेय. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या बोटभर वर गेलीय. चांगलं लक्षण की वाईट?

उत्तर : ताई, हे वाचताय तोपर्यंत ट्रॅक्टर चालवणं थांबवा. ऑइल वाढत नसतं, त्यात काहीतरी येत असतं. तीन शक्यता. वास घ्या, डिपस्टिकचा थेंब बोटांत चोळा, पातळ लागला आणि डिझेलचा वास आला तर डिझेल. कॉफीत दूध टाकल्यासारखा रंग असेल तर पाणी. आणि दोन्ही नसेल तर हायड्रॉलिकची लेव्हल बघा, ती कमी झाली असेल तर हायड्रॉलिक पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय, बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरात तो पंप इंजिनच्या टायमिंग गिअरवर बसलेला असतो आणि सील फाटलं की हायड्रॉलिकचं तेल सरळ इंजिनात. ही तिसरी शक्यता पुष्कळ मिस्त्री विसरतात आणि नोजल, पंप खोलत बसतात.

डिझेल असेल तर इंजिनवर बसलेला डायफ्राम लिफ्ट पंप असल्यास त्याचा पडदा आधी बघा, तो फाटला की डिझेल खाली चेंबरमधे उतरतं. मग डिझेल पंपाची सीलं, आणि मग ठिबकणारं नोजल.

थांबवा म्हणालो त्याचं कारण असं की पातळ ऑइलनं बेअरिंग जातातच, पण लेव्हल फार वाढली की ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) इनटेकमधे ओढलं जातं आणि डिझेल इंजिन स्वतःच्या ऑइलवर पळत सुटतं. चावी बंद करा, स्टॉप ओढा, काही उपयोग नाही कारण ते डिझेलवर चालतच नसतं. रेस वाढत वाढत इंजिन फुटेपर्यंत जातं. त्यावेळी एकच उपाय, हवेचं तोंड बंद करणं, आणि ते सपाट फळीनं किंवा जाड पत्र्यानं, हातानं नाही आणि फडक्यानं नाही, फडकं आत ओढलं जातं. जमत नसेल तर लांब पळा. कारण सापडून दुरुस्ती झाली की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून मगच चालू करा.

प्रश्न : लोडवर काळा धूर. पिकअप ठीक आहे.

उत्तर : एअर फिल्टर, मग एअर फिल्टरच्या आधीची जाळी. मग गिअर, एक गिअर खाली टाकून बघा, मोठं अवजार वरच्या गिअरमधे ओढायला लावलं तर कुठलंही इंजिन काळं ओकेल. पंपाचा सीलबंद स्क्रू कुणी फिरवून "पॉवर वाढवून" दिलाय का ते पण विचारा घरात.

प्रश्न : थंड असताना इंजिनमधून टक टक टक असा हातोडी मारल्यासारखा आवाज, गरम झाल्यावर कमी होतो पण जात नाही. एकजण म्हणतो नोजल, दुसरा म्हणतो कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो.

उत्तर : दोघांपैकी कोण बरोबर ते एका पान्यानं कळतं. पण आधी गाडी कुठली ते बघा, कॉमन रेल, म्हंजे सगळ्या नोजलना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल देणारी गाडी असेल तर पुढचं अजिबात करायचं नाही, त्या पाइपात 1000 बारच्या पुढचं प्रेशर असतं. साध्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीसाठीच सांगतोय. गाडी स्लोवर ठेवा, हातमोजे, चष्मा, आणि पहिल्या सिलेंडरच्या नोजलवरचा पाइपचा नट पाव आटा सैल करा, वर फडकं टाकून. त्या सिलेंडरला डिझेल जायचं बंद होतं, इंजिन थोडं डगमगतं. आवाज तसाच राहिला तर आवळा आणि दुसरा. ज्या नटला टक टक गायब होते किंवा एकदम मऊ पडते तो सिलेंडर तुमचा. त्या धारेसमोर बोट नेऊ नका, साध्या पंपाचं डिझेलसुद्धा कातडीच्या आत घुसतं, बाहेरून सुई टोचल्याएवढं दिसतं आणि आतून हात सडतो, तसं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल.

आता सिलेंडर सापडला पण नोजल की बेअरिंग? त्या सिलेंडरचं नोजल काढून शेजारच्यात घाला, शेजारचं यात. आवाज नोजलबरोबर सरकला तर नोजल, जागेवरच राहिला तर आतलं काम. नोजल बसवताना खालचं तांब्याचं वॉशर नवं, जुनं परत वापरलं की तिथून गॅस सुटतो आणि नवाच आवाज सुरू. नोजल मग टेस्ट बेंचवर लावून घ्या, किती प्रेशरला उघडतं ते मॅन्युअलशी जुळवा, ग्लो प्लगवाल्या जुन्या इंजिनांत साधारण 120 ते 150 बार असतं, डायरेक्ट इंजेक्शनमधे 200 च्या आसपास किंवा वर, आणि फवारा धुक्यासारखा पाहिजे, थेंब ठिबकायला नको.

तुमचा आवाज थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी, मला नोजलच वाटतंय. बेअरिंगचा आवाज सहसा उलटा, ऑइल गरम होऊन पातळ झालं की वाढतो आणि ऑइल प्रेशर पण खाली असतं. ऑइल प्रेशर डॅशच्या दिव्यावरून ठरवू नका, सेन्सर काढून त्या जागी घड्याळाचं गेज लावून बघा.

प्रश्न : निळा धूर, ऑइल खातंय. हाफ इंजिन, म्हंजे इंजिन उघडून रिंगा वगैरे बदलायचं काम, करायला सांगितलंय. करावं का?

उत्तर : कदाचित करावं लागेलही, पण कॉम्प्रेशन न मोजता नाही. ग्लो प्लगच्या किंवा नोजलच्या भोकातून डिझेलचं गेज लावतात, पेट्रोल गाडीचं गेज चालत नाही, ते तुटेल. इंजिन गरम, डिझेल बंद, बॅटरी फुल चार्ज. तब्येतीत असलेलं छोटं इंजिन 400 पीएसआयच्या आसपास दाखवतं, 300 च्या खाली गेलं की थंडीत त्रास देणार हे नक्की. पण एका आकड्यापेक्षा तीन सिलेंडरमधला फरक बघा, 10 टक्क्यांच्या वर फरक असेल तर जो कमी आहे त्याच्यात गडबड. सगळेच सारखे आणि चांगले असतील तर ऑइल रिंगांतून नाही, व्हॉल्वच्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून जात असेल, आणि कधी कधी नुसतं ऑइल जास्त भरलेलं असतं. टॅपेटचा गॅप, म्हंजे व्हॉल्व आणि तो दाबणाऱ्या भागातली फट, पण आधी सेट करून घ्या, व्हॉल्व पूर्ण बसत नसेल तर कॉम्प्रेशन कमी दाखवतं आणि बिचाऱ्या रिंगांवर खापर फुटतं.

रिंगा गेल्याच असतील तर नव्या टाकायच्या आधी त्या गेल्या कशानं ते शोधा. एअर फिल्टरच्या पुढचा, इंजिनकडे जाणारा रबर पाइप काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. माती लागली तर उत्तर मिळालं, फिल्टर कितीही चांगला असू दे, त्याच्या पुढं पाइपला चीर किंवा क्लिप ढिली असेल तर धूळ गाळल्याशिवाय आत जाते आणि थोड्याच तासांत लायनर, म्हंजे सिलेंडरची आतली भिंत, घासून टाकते. फिल्टरचा कागद चाकावर आपटून साफ करणारे पण तेच करतात, कडेचं सील वाकतं. हवा मारायचीच तर आतून बाहेर, कमी प्रेशरनं. पाइप तसाच ठेवून हाफ इंजिन केलं तर नव्या रिंगासुद्धा त्याच वाटेनं जाणार.

प्रश्न : काही वर्षं शेडमधे उभा असलेला छोटा ट्रॅक्टर मिळालाय. डायरेक्ट बॅटरी लावून सेल्फ मारू का?

उत्तर : नको. आधी एअर क्लीनर उघडा, उंदराचं घरटं असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे. मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. फिरला तर उत्तम. अडला तर जोर करू नका, नोजल काढून भोकांतून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, दोन-तीन दिवस तसंच ठेवा, मग पुढं-मागं हलवत सोडवा, आणि नोजल बाहेर असतानाच फिरवा म्हंजे सिलेंडरमधे साचलेलं तेल, पाणी उडून जाईल. पिस्टनवर पाणी असताना सेल्फ मारला तर रॉड वाकतो.

जुनं डिझेल पूर्ण काढा, टाकीच्या तळाला पाणी आणि काळा चिकट गाळ असतो, डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर वाढणाऱ्या जंतूंचा. टाकी धुवून, फिल्टर बदलून, नवं डिझेल, नवं ऑइल. आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं, पंपाची स्टॉप लिव्हर हातानं हलवून बघा. उभ्या गाडीत पंपाच्या आतली रॅक, म्हंजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, गंजानं किंवा गोंदासारख्या डिझेलनं जाम होते, आणि ती फुल डिझेलच्या जागी जाम असेल तर इंजिन चालू होताच सुसाट सुटतं. लिव्हर मोकळी नसेल तर पंपाचं साइडचं झाकण उघडून रॅक मोकळी करून घ्या, ते जमत नसेल तर या एका कामासाठी पंप जरूर पंपवाल्याकडे द्या.

मग स्टॉप ओढून ठेवून सेल्फ मारा, ऑइल प्रेशर वर आलं की थांबा. आता एअर काढा आणि चालू करा, हवेच्या तोंडाजवळ फळी घेऊन एक माणूस उभा ठेवा. चालू झाला की लगेच रेस देऊ नका, दहा-पंधरा मिनिटं हळू चालू द्या, गळती बघा, आणि पाच-दहा तास काम झालं की ते ऑइल पुन्हा बदलून टाका.